बाळाला मीठ लागतं: सीएएचसोबतची आमची पहिली तीन वर्षं

आमची लेक गेल्या जूनमध्ये तीन वर्षांची झाली आणि बालवाडीत जायला लागली. तिला जन्मापासून सीएएच आहे, म्हणजे कंजेनायटल अॅड्रिनल हायपरप्लेझिया. जन्मल्यावर नुसतं बघून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही, अशा बाळांच्या बाबतीत डॉक्टरांच्या मनात सगळ्यात आधी हाच आजार येतो. त्या पहिल्या महिन्यात मी रात्र-रात्र मोबाइलवर मराठीत काही सापडतं का शोधायची. हाती लागायचं ते एकतर डॉक्टरांसाठीचं इंग्रजी, नाहीतर 'विचित्र बाळ जन्मलं' छापाच्या बातम्या. म्हणून हे लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, पुण्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. खाली औषधांचे जे आकडे आहेत ते आमच्या मुलीचे आहेत, कृपा करून आपल्या बाळाला लावू नका. तिचं नाव लिहीत नाही, आणि ती जन्मताना नेमकी कशी दिसत होती तेही लिहिणार नाही. ते तिचं आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी सातव्या महिन्यातच तासगावला आले होते. १८ जून २०२२, शनिवारी पहाटे सिझर झालं. वजन २ किलो ९००, रडणं खणखणीत. आपल्याकडे आधी लिंग सांगायला कायद्याने बंदी, त्यामुळे "काय झालं?" हा प्रश्न टेबलावर पडल्या-पडल्याच विचारला जातो. मीही विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "बाळ छान आहे, बाकी डॉक्टर सांगतील." बाहेर सासरे पेढे सांगायचे की बर्फी या विचारात मिठाईवाल्याला फोन लावून बसले होते. त्यांना कुणी काही सांगेना, आणि मिठाईवाला फोन ठेवेना.

दुपारी बालरोगतज्ज्ञ आले. त्यांनी गरम पाण्याने हात धुतले, हाताला ऊब येईपर्यंत चोळले आणि मग बाळाच्या दोन्ही जांघांत बोटांनी हळूहळू चाचपून बघितलं. बराच वेळ. मग खुर्ची ओढून माझ्या खाटेजवळ बसले. "वृषणाची गोळी कुठल्याच बाजूला लागत नाहीये. मुलगा की मुलगी हे मी आज सांगणार नाही, कारण बघून सांगितलेलं चुकतं. तपासून सांगतो, दोन-तीन आठवडे लागतील. त्याला काही घाई नाही. घाई आहे ती मिठाची." मला शेवटचं वाक्य अजिबात समजलं नाही. पण पुढच्या तीन वर्षांत जिथे जिथे गोंधळ उडाला, तिथे हेच वाक्य कामाला आलं: यातलं घाईचं काय आहे आणि थांबू शकतं ते काय?

मिठाचं गणित त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढून सांगितलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर अॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसोल बनवतात, जे ताप, मार, उपास अशा संकटात शरीराला तारून नेतं. आणि अल्डोस्टेरॉन बनवतात, जे लघवीतून मीठ वाहून जाऊ देत नाही. सीएएचच्या बहुतेक बाळांत २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एक एन्झाइम नसतं किंवा फार कमी असतं, त्यामुळे ही दोन्ही हार्मोन बनत नाहीत. मेंदूकडून "बनवा, बनवा" असा निरोप येत राहतो, ग्रंथी फुगते, आणि साठलेला कच्चा माल पुरुषी हार्मोनकडे वळतो. पोटातली मुलगी असेल तर तिची बाहेरची इंद्रियं त्यामुळे मुलासारखी घडतात: क्लिटोरिस मोठं होतं, बाहेरच्या कडा जुळून येतात. गर्भाशय आणि अंडाशय मात्र आत जिथल्या तिथे असतात. मुलगा असेल तर बाहेरून काहीच कळत नाही, आणि म्हणून मुलांना धोका जास्त. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंगातलं मीठ संपत येतं, बाळ दूध ओढेनासं होतं, उलट्या होतात, वजन घटतं, आणि गावाकडे "बाधलं" म्हणून सोडून दिलं जातं.

तपासण्या अशा झाल्या. १७-ओएचपी, म्हणजे त्या साठलेल्या कच्च्या मालाची रक्ततपासणी, ही मुख्य. ती जन्मानंतर ४८ तास उलटल्यावरच घ्यायची, कारण त्याआधी निरोगी बाळातही ती वाढलेली दिसते. सोमवारी रक्त घेतलं, सांगलीहून नमुना मुंबईला जाणार होता. खर्च हजार-बाराशे. त्याच दिवशी सांगलीत सोनोग्राफी केली, त्यात गर्भाशय दिसलं. गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, चार हजारांच्या आसपास; तिला वेळ लागतो, कारण रक्तातल्या पेशी आधी वाढवाव्या लागतात. आणि सोडियम-पोटॅशियम, जे तालुक्याच्या लॅबमध्येही होतं, तीन-साडेतीनशेत. डॉक्टरांनी सोडियम दर दोन-तीन दिवसांनी करायला सांगितलं आणि वजन रोज. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डिजिटल वजनकाटा आणला आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात रोज वजन लिहायला लागले.

नातेवाइकांना काय सांगायचं? आम्ही दोघांनी एक वाक्य ठरवलं: "बाळाच्या तपासण्या चालू आहेत, झाल्या की कळवतो." सगळ्यांना हेच, शब्दही तेच. फोन घ्यायचं काम नवऱ्याकडे. जवळच्यांत पूर्ण खरं फक्त माझे आईवडील आणि सासू-सासरे यांना सांगितलं. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं करा: कुणाच्या आग्रहाखातर 'मुलगा' किंवा 'मुलगी' असं तात्पुरतं काहीही बोलून टाकू नका. ते मागे घेणं फार जड जातं, आणि गाव लक्षात ठेवतं.

आठव्या दिवशी सोडियम १३१ आलं. ते १३५ ते १४५ असावं लागतं. मुंबईच्या लॅबने तोवर नमुना कमी पडला म्हणून पुन्हा मागवला होता, म्हणजे मुख्य अहवाल हाती नव्हता. मंगळवारी, २८ जूनला सकाळी दोन उलट्या झाल्या. वजन जन्मापेक्षा पाव किलोने खाली. सोडियम ११९, पोटॅशियम चढून ७.२. डॉक्टर म्हणाले, अहवालाची वाट बघायची नाही, निघा. मिरजेला नवजात शिशू विभागात तासाभरात पोचलो. सलाइन, साखर, आणि कॉर्टिसोलऐवजी हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी बारशाचा दिवस होता. दारात बांधायला आणलेली झेंडूची फुलं तशीच पडून सुकली. तिसऱ्या दिवशी लेक चोखायला लागली. १७-ओएचपीचा आकडा आला तेव्हा तो नॉर्मलच्या शेकडो पट होता, पण तोपर्यंत उपचाराने स्वतःच उत्तर दिलं होतं.

त्या विभागातली एक गोष्ट लिहायलाच हवी. बाळ 'वेगळं' आहे हे कळल्यावर बघायला येणारे वाढले. राउंडला विद्यार्थी येणार हे समजू शकते, पण कुणीही यावं, दुपटं बाजूला करावं, आपसांत बोलावं आणि निघून जावं? एकाने मोबाइल काढला तेव्हा माझा नवरा, जो एरवी हॉटेलात चहा थंड आला तरी बोलत नाही, दुपट्यावर हात ठेवून उभा राहिला. "उपचार करणारे डॉक्टर सोडून कुणी बघायचं नाही. फोटो काढायचा असेल तर आमची लेखी संमती घ्या, आणि तो कशाला हवाय तेही लिहा." सिस्टर इन्चार्ज आमच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि त्यांनी खाटेला पडदा लावून दिला. हे सांगायचा आईबापांना हक्क आहे. सांगितल्याने उपचारात काही कमी झालं नाही.

तिथल्या डॉक्टरांनी घरचा इतिहास विचारला: घरात कुणाचं तान्हं बाळ असंच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गेलंय का? आमचं लग्न नात्यातलं. मी मामाची मुलगी, सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. सांगली-कोल्हापूरकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. सगळे "नाही, नाही" म्हणाले. आत्या काही बोलली नाही. दोन दिवसांनी बाहेरच्या बाकावर तिने मला सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, १९८६ साली. धष्टपुष्ट. विसाव्या दिवशी गेला. उलट्याच. "अंगावरचं दूध बाधलं म्हणाले. तुझ्या आजीने पुढच्या वेळेला मला पहिला महिनाभर बाळाला पाजू दिलं नाही." मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी खात्रीने सांगता येणार नाही, पण सगळं जुळतंय. आजार येण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. एकेकच असेल तर माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. दोघे वाहक असले तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता. नात्यात लग्न झालं की दोघे वाहक असण्याची शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या जोडप्यांनाही अशी बाळं होतात. आत्याने एवढंच विचारलं, "म्हणजे दुधाचं नव्हतं?" डॉक्टर म्हणाले, "नव्हतं." ती बाहेर येऊन बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. त्यानंतर आमच्या घरात या आजाराविषयी कुजबूज झाली नाही, कारण कुजबुजणाऱ्यांना गप्प करायचं काम तिनेच अंगावर घेतलं.

घरी सोडताना तीन गोष्टी लिहून दिल्या. हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून तीनदा, अल्डोस्टेरॉनऐवजी फ्लुड्रोकॉर्टिसोनची १०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवसाला एक, आणि मीठ दिवसाला १ ग्रॅम. अंगावरच्या दुधात मीठ फार थोडं असतं, त्यामुळे ते वरून द्यावं लागतं. हायड्रोकॉर्टिसोन लहान मुलांच्या मापात मिळालं नाही. १० मिलिग्रॅमची गोळी औषधदुकानदार खलात कुटून त्याच्या दहा पुड्या करून द्यायचा. गोळी पाण्यात घोळून ठेवू नका असं आम्हाला बजावलं होतं, कारण ती नीट विरघळत नाही, गाळ तळाशी बसतो आणि डोस कमी-जास्त होतो. पुडी आयत्या वेळी चमचाभर दुधात मिसळायची.

मिठाची मात्र पंचाईत झाली. एक ग्रॅम म्हणजे किती? चमच्याने अंदाज नको म्हणाले होते. औषधदुकानाचा काटा बंद पडलेला. शेवटी अण्णा डबीभर मीठ घेऊन पेठेतल्या सोनाराकडे गेले. सोनार आधी काट्याला हातच लावू देईना. त्याला वाटलं काहीतरी करणी-उतारा आहे. अण्णांनी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्याने ती दोनदा वाचली, काटा फुंकर मारून साफ केला, आणि सोन्याच्या कागदी पुड्यांतच एक-एक ग्रॅम मीठ मोजून महिन्याभराच्या पुड्या बांधून दिल्या, दुकानाचं नाव छापलेल्या, गुलाबी कागदाच्या. पैसे घेतले नाहीत. एक पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायची आणि दिवसभराच्या पाजण्यांत वाटून द्यायची. एकदम दिली तर बाळ ओकतं. माझी आई संध्याकाळी मीठ-मोहरीने तिची दृष्ट काढायची, तेव्हा नवरा म्हणायचा, "आई, त्यातलं मीठ उतरून टाकू नका, तिलाच द्या." बाळ वर्षाचं होऊन घरचं जेवायला लागलं की वरचं मीठ बहुधा बंद होतं. आमचं तेराव्या महिन्यात झालं.

आता जन्माचा दाखला. प्रसूतिगृहातल्या क्लार्कला दुसऱ्याच दिवशी फॉर्म पाठवून मोकळं व्हायचं होतं, आणि फॉर्ममध्ये लिंगाचा रकाना आहे. आमच्या डॉक्टरांनी त्याला थांबवलं. जन्माची खबर द्यायला २१ दिवसांची मुदत असते. म्हणजे ९ जुलैपर्यंत वेळ होता. आषाढीच्या आदल्या शुक्रवारी कॅरिओटाइप ईमेलवर आला: ४६, एक्सएक्स. सोनोग्राफी आणि १७-ओएचपी यांच्याशी तो जुळत होता. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की ही मुलगी आहे, गर्भाशय आहे, अंडाशय आहेत, मोठेपणी औषधं नीट चालू असतील तर तिला मूलही होऊ शकतं. फॉर्म त्याच दुपारी नगरपरिषदेत गेला. नाव आम्ही कोरं ठेवलं. दाखला नावाशिवाय निघतो, आणि नाव वर्षाच्या आत घातलं तर त्याला फी लागत नाही. आम्ही ऑक्टोबरमध्ये अर्ज आणि आधारच्या झेरॉक्स देऊन घातलं. तुमचा अहवाल २१ दिवसांत येणार नसेल तरी घाबरू नका. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, त्यानंतर वर्षापर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. चुकीची नोंद झालीच तर १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते, पण चपला झिजतात. त्यापेक्षा रुग्णालयालाच "अहवाल येईपर्यंत थांबा" असं लेखी द्या.

इथे एक सांगते. आमचं उत्तर महिन्याच्या आत मिळालं, कारण सीएएच आहे. जन्मतः लिंग स्पष्ट नसण्याची कारणं पुष्कळ आहेत. ओपीडीत आम्हाला एक जोडपं भेटायचं. त्यांच्या बाळाची गुणसूत्रं एक्सवाय होती आणि शरीर पुरुषी हार्मोनला अर्धवटच दाद देत होतं. त्यांना उत्तरासाठी कितीतरी महिने थांबावं लागलं, आणि आलेलं उत्तरही 'सध्या असं वाढवू, पुढे मूल सांगेल' असं होतं. त्या आईएवढा धीर माझ्यात नाही. आमचे निर्णय त्यांना लागू नाहीत, तसे कदाचित तुम्हालाही नसतील.

ऑगस्टमध्ये पुण्याला परतलो आणि बालहार्मोनतज्ज्ञ मॅडमकडे जायला लागलो. आधी दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी. प्रत्येक वेळी वजन, उंची, रक्तदाब, रक्त. फ्लुड्रोकॉर्टिसोन जास्त झालं तर रक्तदाब चढतो, हायड्रोकॉर्टिसोन जास्त झालं तर उंची खुंटते आणि वजन सुटतं, कमी झालं तर पुरुषी हार्मोन वाढतात, हाडं लवकर पिकतात आणि शेवटी उंची कमीच राहते. म्हणून डोस उंची-वजनावरून सारखा बदलत राहतो. आता तिला ५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी तीनदा असते. औषधांचा महिन्याचा खर्च हजाराच्या आतबाहेर, तपासण्यांचा दर तिमाहीला दीड-दोन हजार. एकदा फ्लुड्रोकॉर्टिसोन अख्ख्या शहरात मिळेना, तेव्हापासून घरात दोन महिन्यांचा साठा असतो. आणि 'स्टेरॉइड' हा शब्द ऐकला की प्रत्येक जण डॉक्टर होतो. सोसायटीतल्या एका काकूंनी आयुर्वेदाचं सांगितलं, एका फॅमिली डॉक्टरांनी चक्क "बंद करून बघा" म्हटलं. बंद करून बघायची ही गोळी नाही. जे शरीर बनवत नाही, तेच ती भरून काढते.

बाहेरच्या इंद्रियांना मुलीसारखा आकार देण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय ती दहा महिन्यांची असताना निघाला. एका सर्जनांनी दहा मिनिटांत सांगून टाकलं, "वर्षाच्या आत उरकून घ्या, तिला आठवणारही नाही. पुढे लग्नाच्या वेळी प्रश्न नको." खरं सांगायचं तर मला ते ऐकून हायसं वाटलं होतं. उरकून घ्या. मग आम्ही मॅडमना विचारलं. त्यांनी उलट प्रश्न विचारले: लघवी नीट होते का? ताप येऊन लघवीचं इन्फेक्शन झालंय का? कुठे अडतंय का? सगळ्यांची उत्तरं ठीक होती. "मग हे कुणासाठी करायचं, ते दोघांनी घरी बसून ठरवा," म्हणाल्या. त्यांनीच सांगितलं की एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत, शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा पर्यायही पालकांसमोर ठेवावा असं म्हटलंय. औषधं सुरू झाल्यावर क्लिटोरिसचा आकार काहीसा उतरतो, हेही तेव्हा कळलं. लहानपणी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर संवेदना कमी होऊ शकते, आणि वयात येताना बऱ्याच जणींना पुन्हा टेबलावर जावं लागतं. मद्रास उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०१९च्या निकालात तान्ह्या आणि लहान इंटरसेक्स, म्हणजे जन्मतः लिंग स्पष्ट नसलेल्या, मुलांवर अशा शस्त्रक्रिया करू नयेत असं म्हटलं, आणि त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने जिवाला धोका असल्याखेरीज बंदीचा आदेश काढला. तो तमिळनाडूपुरता. आपल्याकडे हा भार शेवटी आईबापांवरच येतो.

पालकांच्या ग्रुपवरून एका ताईंशी बोलणं झालं. त्यांनाही सीएएच, वय तिशीच्या आसपास. लहानपणी एकदा आणि शाळेत असताना पुन्हा शस्त्रक्रिया झाली, दोन्ही वेळा 'पोटाचं ऑपरेशन' म्हणून सांगितलं. त्या आईवडिलांवर चिडलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दुखलं ते विसरले. पण घरात माझ्याबद्दल काहीतरी आहे जे मलाच सांगत नाहीत, हे मला सहाव्या वर्षापासून कळत होतं." ग्रुपवरच्याच दुसऱ्या एका आईने मुलीला वारंवार इन्फेक्शन व्हायचं म्हणून शस्त्रक्रिया करून घेतली. तिला मी चुकीचं म्हणणार नाही. तिच्याकडे घाईचं कारण होतं. आमच्याकडे नव्हतं, म्हणून आम्ही थांबलो. पुढे लेक मोठी होईल, तिला काय हवंय ते सांगेल. सीएएच असलेल्या एक्सएक्स मुलींतल्या बहुतेक जणी स्वतःला मुलगीच मानतात, काही थोड्या मानत नाहीत. तेही ती सांगेल.

खरी परीक्षा झाली फेब्रुवारी २०२४मध्ये, आणि ती पुन्हा मिठा-साखरेचीच. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट करायचा हे पाठ होतं. लसीनंतरच्या तापातही आम्ही मॅडमना विचारून ते केलं होतं. यावेळी जुलाब-उलट्या. रात्री अकराला दिलेला डोस उलटला, पुन्हा दिला, तोही उलटला. तोंडावाटे राहत नाही म्हणजे इंजेक्शन. १०० मिलिग्रॅमची हायड्रोकॉर्टिसोनची कुपी, पाणी आणि सिरिंज फ्रीजवरच्या डब्यात कायम असते. तीन वर्षांखालच्या मुलाला २५ मिलिग्रॅम, म्हणजे आमच्या २ मिलीच्या कुपीतलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. नवऱ्याने दिलं. त्याचे हात थरथरत होते, पण आधी मॅडमच्या सिस्टरनी आम्हा दोघांकडून सलाइन भरून सराव करून घेतला होता, त्यामुळे हातांना काम माहीत होतं. मग रुग्णालय. तिथे कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर "उलट्यांना स्टेरॉइड कशाला?" म्हणाला. मी पर्समधलं लॅमिनेट केलेलं पत्र समोर ठेवलं: आजाराचं नाव, डोस, सलाइन कोणतं, कुणाला फोन करायचा. त्याने वाचलं आणि लगेच साखर तपासली. ५२ होती. सकाळी आठपर्यंत लेक बिस्कीट मागत होती. इंजेक्शन शिकून घ्या आणि ते पत्र मराठी-इंग्रजी दोन्हीत करून घ्या. गावी जाताना आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रातही एक प्रत देऊन ठेवतो.

केरळात सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांची टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन सीएएचसाठी तपासणी होते. आपल्याकडे सरसकट होत नाही. खाजगीत मागितली तर करून मिळते. घरात कुणाचं बाळ आत्याच्या मुलासारखं गेलं असेल तर पुढच्या बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगा, मुलगा झाला तरी, किंबहुना मुलगा झाला तर जास्तच.

दुसऱ्या बाळाचा विचार करायचा म्हणून गेल्या वर्षी जनुक तपासणी केली. सीएएचच्या सीवायपी२१ए२ या जनुकाला अगदी त्याच्यासारखंच एक निकामी जनुक शेजारी आहे, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत घोळ होऊ शकतो. लॅबला "सीवायपी२१ए२ वेगळं बघता का?" असं स्पष्ट विचारा. आम्हाला तिघांचे मिळून तीस हजारांच्या वर लागले. दोघेही वाहक निघालो. गरोदरपणात तपासणी करता येते, त्यासाठी नोंदणीकृत केंद्र लागतं. दुसरं बाळ हवं का, हे अजून आमचं ठरलेलं नाही.

बालवाडीच्या प्रवेशावेळी नवऱ्याने विचारलं, शाळेला किती सांगायचं? आम्ही मॅडमशी बोललो आणि ठरवलं: ज्याने तिचा जीव वाचेल तेवढं सगळं, बाकी काही नाही. शू-शीसाठी मदत करणाऱ्या मावशींना मी एकदा भेटून आले, साधं बोलले, त्यांनी साधंच घेतलं. बाईंना दिलेली चिठ्ठी इथे देते, हवी त्यांनी बदल करून वापरावी:

"माझ्या मुलीच्या अॅड्रिनल ग्रंथी पुरेसं हार्मोन बनवत नाहीत. हा आजार संसर्गजन्य नाही. ती सर्व मुलांसारखी खेळू, पळू, खाऊ शकते. दुपारी १ वाजता तिच्या डबीतली अर्धी गोळी द्यावी, ती चुकवू नये. ताप, उलटी, जोरात मार, किंवा ती खूप मलूल वाटली तर वाट न बघता लगेच आम्हा दोघांना फोन करावा. फोन लागला नाही तर १०८ बोलवून दप्तराच्या पुढच्या कप्प्यातलं पत्र डॉक्टरांना द्यावं. तिने खारट काही मागितलं तर द्यावं."